आयजीच्या स्टॅकवर बायजी उदार : इंटरप्टच्या जागेचा सत्तर वर्षांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. मधले "अं... म्हणजे" तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये इंटरप्ट आला की तो कुणाची स्टॅक मेमरी वापरतो? एवढाच प्रश्न आहे. पण याचं उत्तर शोधताना मुंबईचं पहिलं कॉम्प्युटर भेटेल, पुण्याचा 'परम' भेटेल आणि शेवटी एक कोर्टकेसही येईल. तेव्हा लगेच पुढचा भाग लावू नका.

आधी दोन शब्द समजून घेऊ

समजा तुम्ही पपया नर्सरीच्या स्टॉपवर सिटीलिंकच्या बसची वाट बघत हे ऐकताय, आणि आवाज वाढवायला बटण दाबलंत. त्या क्षणी फोनचा प्रोसेसर दुसरंच काहीतरी करत असतो. गाण्याची फाइल उलगडत असेल, नाहीतर व्हॉट्सअॅपचा मेसेज उतरवून घेत असेल. बटणाकडून त्याला हाक येते, "हातातलं ठेव, आधी माझं बघ." ही हाक म्हणजे इंटरप्ट. प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, बटणासाठी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम चालवतो आणि मग पुन्हा जिथं होता तिथं येतो. त्या छोट्या प्रोग्रॅमला म्हणायचं हँडलर.

आता "जिथं होता तिथं" परत यायचं तर कुठं होतो, हे लिहून ठेवायला पाहिजे. त्यासाठी स्टॅक. नाण्यांची चळत असते ना, शेवटी ठेवलेलं नाणं आधी उचलायचं, तसंच. एका फंक्शननं दुसऱ्याला बोलावलं की परतीचा पत्ता आणि त्या फंक्शनची स्वतःची व्हेरिएबल्स चळतीवर चढतात. काम संपलं की उतरतात. चळतीला जागा मात्र ठरलेली असते. ती ओलांडली की नाणी शेजारच्याच्या जागेत पडतात. शेजारी कोण आहे त्यावर पुढचं नुकसान ठरतं.

खरी गंमत इथं आहे. फंक्शनला प्रोग्रॅम स्वतः बोलावतो, त्यामुळे त्याला किती जागा लागेल याचा अंदाज तरी असतो. इंटरप्टला कुणी बोलावलेलं नसतं. तो येतो, आणि त्या क्षणी जो प्रोग्रॅम चालू असेल त्याच्याच चळतीवर आपलं सामान ठेवतो. आपल्याकडे म्हण आहेच : आयजीच्या जिवावर बायजी उदार. स्टॅक आयजीचा, खर्च बायजीचा, आणि हिशेब मात्र कुणीच ठेवलेला नाही.

गेल्या सत्तर वर्षांत या प्रश्नाला चार प्रकारची उत्तरं मिळाली. स्टॅकच नको; एकच स्टॅक सगळ्यांनी वापरा; इंटरप्टला वेगळा स्टॅक द्या; आणि किती लागेल ते आधीच मोजून ठेवा. माझं म्हणणं असं, की दर वेळी अडचण फक्त मेमरी कमी असल्याची नव्हती. सगळ्यात वाईट वेळी एकूण किती लागेल, ही बेरीज कुणाच्या गळ्यात आहे, हेच ठरलेलं नव्हतं. बघू कसं ते.

स्टॅक नव्हता तेव्हा

इनपुट-आउटपुटसाठी इंटरप्ट वापरणारं पहिलं मशिन म्हणून डायसॅक या अमेरिकन कॉम्प्युटरचं नाव घेतात. साल १९५४. त्यात दोन प्रोग्रॅम काउंटर होते. प्रोग्रॅम काउंटर म्हणजे "आता कुठली ओळ चालू आहे" हे दाखवणारं बोट. बाहेरून सिग्नल आला की मशिन एका बोटावरून दुसऱ्यावर जायचं. लिहून ठेवायची भानगडच नाही, कारण पहिलं बोट होतं तिथंच थांबलेलं असे.

याच काळात अॅमस्टरडॅममध्ये एडस्गर डाइक्स्ट्रा नावाचा तरुण एक्स-वन या मशिनसाठी इंटरप्टचा हँडलर लिहीत होता. हो, तोच शॉर्टेस्ट पाथवाला डाइक्स्ट्रा. त्याला इंटरप्टची धास्ती वाटत होती, आणि कारण अगदी बरोबर होतं. इंटरप्ट कुठल्याही दोन सूचनांच्या मध्ये येऊ शकतो. म्हणजे चूक झाली तर ती पुन्हा तशीच घडवून दाखवता येईल याची खात्री नाही. आज चालेल, उद्या चालेल, परवा अडेल. १९५९ मध्ये त्याने डॉक्टरेटचा प्रबंध दिला तो याच कामावर. इंटरप्टमधली चूक टेस्टिंग करून सापडेलच असं नाही, ती मुळात विचार करूनच टाळावी लागते, ही समज तेव्हापासूनची.

१९६४ मध्ये आयबीएमचं सिस्टिम-३६० आलं. त्यातही हार्डवेअरचा स्टॅक नव्हता. इंटरप्टचे पाच प्रकार होते आणि मेमरीच्या सुरुवातीला प्रत्येक प्रकारासाठी एक ठरलेला कप्पा. इंटरप्ट आला की चालू प्रोग्रॅमची अवस्था त्या कप्प्यात जायची आणि हँडलरची अवस्था दुसऱ्या कप्प्यातून उचलली जायची. पुढच्याच वर्षी आलेल्या पीडीपी-८ मध्ये तर याहून सोपं : परतीचा पत्ता मेमरीच्या शून्य क्रमांकाच्या जागी लिहायचा आणि एक क्रमांकापासून चालू पडायचं.

यात जागा किती लागणार हे पक्कं ठाऊक. पण कप्पा एकच. पहिला पत्ता तिथून हलवायच्या आत दुसरा इंटरप्ट आला तर पहिला पत्ता पुसला जाणार आणि परतीची वाट कायमची बंद. म्हणून पीडीपी-८ इंटरप्ट आल्याबरोबर पुढच्या इंटरप्टना दार लावून घ्यायचं. एक जण आत असेपर्यंत बाकीचे बाहेर.

तेव्हा मेमरी किती मोलाची होती, त्याचं आपल्याकडचं उदाहरण बघा. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये भारतात घडवलेलं टिफरॅक हे कॉम्प्युटर १९६० मध्ये सुरू झालं. त्याची मेमरी २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा. गुणाकार केला तर सगळी मिळून १० केबी. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आज प्रोसेसरच्या एका कोअरला, फक्त इंटरप्टसाठी, १६ केबीचा स्टॅक राखून ठेवलेला असतो. म्हणजे नुसती हाक ऐकायला आपण जेवढी जागा देतो, तेवढ्यात अख्खं टिफरॅक मावून वर जागा उरेल.

स्टॅक आला, सोबत बायजीही

स्टॅकची कल्पना पन्नासच्या दशकातच होती. जर्मनीत बाउअर आणि सामेलझोन यांनी १९५७ मध्ये तिच्यावर पेटंटसाठी अर्ज केला होता. पण इंटरप्ट आणि स्टॅक यांची गाठ सगळ्यांच्या नजरेत भरली ती १९७० च्या पीडीपी-११ मुळे. इंटरप्ट आला की हे मशिन परतीचा पत्ता आणि प्रोसेसरची अवस्था आपोआप स्टॅकवर चढवायचं. हँडलर चालू असताना जास्त महत्त्वाचा इंटरप्ट आला? चढवा आणखी दोन नाणी. त्यातही तिसरा? आणखी दोन. एकाच कप्प्याचा प्रश्न मिटला, इंटरप्टमध्ये इंटरप्ट येऊ लागले. युनिक्स वाढलं ते याच मशिनवर.

आणि इथंच बायजी घरात शिरली. सुरुवातीच्या पीडीपी-११/२० मध्ये स्टॅक पॉइंटर एकच. जो प्रोग्रॅम चालू असेल त्याच्याच स्टॅकवर इंटरप्टचा खर्च. पुढं ११/४५ मध्ये कर्नेलचा आणि साध्या प्रोग्रॅमचा स्टॅक पॉइंटर वेगळा झाला. १९७७ मध्ये आलेल्या व्हॅक्स-११/७८० ने तर इंटरप्टसाठी पूर्ण वेगळा स्टॅकच दिला. प्रोसेसरला एक इंटरप्ट स्टॅक, सगळे इंटरप्ट तिथेच. बायजीला स्वतःचं पाकीट मिळालं. हे लक्षात ठेवा, कारण लिनक्सला हीच गोष्ट करायला २००४ उजाडलं.

आपल्यापैकी ज्यांनी डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलंय त्यांनी ही पहिली पायरी हातानं चढलेली आहे. ८०८५ ची ट्रेनर किट आठवते? ती चिप १९७६ ची. इंटरप्ट आला की ती फक्त दोन बाइटचा परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवते. बाकी रजिस्टर वाचवायची तर तुम्ही चार वेळा पुश लिहायचं, म्हणजे आणखी आठ बाइट. एका इंटरप्टचा किमान हिशेब : दहा बाइट. व्हायव्हाला "आरएसटी ७.५ चा व्हेक्टर अॅड्रेस सांग" असं हमखास विचारतात. "तुझ्या प्रोग्रॅमला स्टॅक किती लागतो?" असं विचारलेलं मी तरी कधी ऐकलेलं नाही.

१९८० च्या ८०५१ मध्ये तर मजाच आहे. आतली रॅम १२८ बाइट, स्टॅक त्यातच. चिप सुरू झाली की स्टॅक पॉइंटर ७ वर असतो, म्हणजे पहिली नोंद ८ नंबरच्या जागेवर. पण ८ नंबरपासून रजिस्टरांची दुसरी बँक सुरू होते, आणि ती बँक बरेच जण इंटरप्ट हँडलरसाठीच राखतात, रजिस्टर वाचवायचा वेळ वाचतो म्हणून! स्टॅक पॉइंटर हलवायला विसरलात की परतीचे पत्ते आणि हँडलरचे आकडे एकाच जागेसाठी भांडणार.

पुण्याचं उत्तर : आधी मोजा, मग चालवा

आता जरा वेगळ्या वाटेनं जाऊ. ऐंशीच्या दशकात भारताला सुपरकॉम्प्युटर हवा होता आणि अमेरिका तो सहजासहजी द्यायला तयार नव्हती. हवामानाच्या कामासाठी एक क्रे मिळाला, तोही अटी घालून. मग १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, काम सुरू झालं पुण्यात आणि नेतृत्व होतं अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या डॉ. विजय भटकरांकडे. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पण परमच्या पोटात कुठली चिप होती, आणि ती इंटरप्टचं काय करायची, हे कुणी सांगत नाही.

चिप होती ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची टी-८०० ट्रान्सप्युटर. एकटी चिप काही फार मोठी नव्हे. पण प्रत्येकीला चार लिंक, त्यांनी एकमेकींना जोडायचं आणि काम वाटून घ्यायचं. म्हणजे सतत निरोप येणार आणि जाणार. निरोप आला की कुणीतरी जागं व्हायचं. सतत निरोप, म्हणून हातातलं काम सतत थांबवणं. नेहमीच्या पद्धतीनं प्रत्येक वेळी पसारा स्टॅकवर चढवत बसलं तर आकडेमोड करायची कधी?

ट्रान्सप्युटरचं उत्तर तीन भागांत होतं.

पहिला भाग : सामानच कमी ठेवा. गणितासाठी फक्त तीन रजिस्टरची चिमुकली चळत. प्रत्येक प्रोसेसची बाकीची व्हेरिएबल्स मेमरीत तिच्या स्वतःच्या 'वर्कस्पेस'मध्ये. एका प्रोसेसवरून दुसरीवर जाणं व्हायचं ते ठरावीक सूचनांपाशीच, जिथं त्या तीन रजिस्टरमध्ये जपण्यासारखं काही नसतं. मग जपायचं काय? वर्कस्पेस कुठं आहे आणि कुठल्या ओळीवर थांबलो, एवढंच.

दुसरा भाग : पायऱ्या दोनच. प्रोसेस एकतर वरच्या प्राधान्याची किंवा खालच्या. वरची खालचीला कुठंही थांबवू शकते, पण वरची दुसऱ्या वरचीला नाही. म्हणजे थांबवलेलं काम एका वेळी जास्तीत जास्त एकच. मग चळत हवी कशाला? मेमरीच्या तळाशी सात शब्द राखून ठेवलेले, २८ बाइट. थांबवलेल्या प्रोसेसची रजिस्टर तिथं जायची. सिस्टिम-३६० चा कप्पा आठवतोय? तोच, फक्त आता तो पुसला जाणार नाही याची हमी हार्डवेअर देत होतं.

तिसरा भाग मला सगळ्यात आवडतो. ट्रान्सप्युटरबरोबर इनमॉसनं ऑकॅम नावाची भाषा आणली. तिच्यात रिकर्शन नाही. फंक्शननं स्वतःलाच बोलवायचं नाही. चालू असताना नवी मेमरी मागायची नाही. आपल्याला ही बंधनं जाचक वाटतील. पण त्यांच्यामुळे प्रत्येक प्रोसेसला नेमकी किती जागा लागेल, हे कंपायलर प्रोग्रॅम चालू होण्याआधीच सांगू शकायचा. अंदाज नाही, नेमका आकडा. बेरीज कुणी करायची? कंपायलरनं. प्रश्न संपला. तीच चिप सी भाषेत प्रोग्रॅम केली की ही हमी राहत नाही, कारण सी तुम्हाला हवं तेवढं रिकर्शन करू देते.

ट्रान्सप्युटर पुढं मागे पडला. परमच्या नंतरच्या पिढ्या दुसऱ्या प्रोसेसरवर गेल्या. पण "आधी मोजा" हा धडा आपण पुढं सातपूरला पोचल्यावर परत लागणार आहे, तो हाताशी ठेवा.

लिनक्सच्या घरातलं भांडण

परम ८००० आला त्याच १९९१ मध्ये लिनक्सचा जन्म झाला. ३२ बिटच्या पीसीवर लिनक्स प्रत्येक प्रोसेसला कर्नेलमध्ये ८ केबी जागा द्यायचं. काही वर्षं त्याच ८ केबीच्या तळाशी त्या प्रोसेसची सगळी माहितीही ठेवलेली असे. वरून खाली वाढत येणारा स्टॅक आणि तळाला त्याच प्रोसेसचं आधार कार्ड. स्टॅक फार वाढला की आधी आधार कार्डच फाटणार. आणि कर्नेलचं काम चालू असताना इंटरप्ट आला तर तोही याच जागेत.

२००४ मध्ये लिनक्समध्ये पर्याय आला : प्रोसेसचा स्टॅक ४ केबीवर आणा आणि त्या बदल्यात इंटरप्टना प्रत्येक सीपीयूमागे वेगळा स्टॅक द्या. कारण साधं होतं. ८ केबी म्हणजे मेमरीची दोन लागून असलेली पानं. मशिन बरेच दिवस चालू राहिलं की मेमरी तुकड्या-तुकड्यांत विखुरते आणि अशी शेजारी-शेजारी मोकळी पानं मिळेनाशी होतात. एक पान मात्र सहसा मिळतं. शिवाय दहा हजार थ्रेड असलेल्या सर्व्हरवर प्रत्येकी ४ केबी वाचले तर सुमारे ४० एमबी वाचतात, आणि तेव्हाच्या ३२ बिट कर्नेलला ती किरकोळ रक्कम नव्हती.

वेगळा इंटरप्ट स्टॅक सगळ्यांना पटला. ४ केबीवरून मात्र अनेक वर्षं वाद झाला. एक्सएफएस फाइल सिस्टिम, तिच्याखाली रेड, तिच्यावर एनएफएस असं एकावर एक रचलं की कॉलची साखळी इतकी लांब व्हायची की ४ केबी पुरायचे नाहीत. विंडोजचे वायफाय ड्रायव्हर लिनक्सवर चालवणाऱ्यांची तर पंचाईतच, कारण ते ड्रायव्हर १२ केबीच्या स्टॅकची सवय घेऊन आलेले. प्रत्येक थर लिहिणारा म्हणत होता, "मी तर थोडीच जागा घेतो." आणि ते खरंही होतं! बेरीज मात्र कुणाच्याच फाइलमध्ये लिहिलेली नव्हती. शेवटी २०१० मध्ये ४ केबीचा पर्याय काढून टाकला. त्याच वर्षी आणखी एक नियम पक्का झाला : इंटरप्टचा हँडलर चालू असताना त्या सीपीयूवर दुसरे इंटरप्ट बंद. म्हणजे पीडीपी-८ चं दार पुन्हा लागलं. इंटरप्टमध्ये इंटरप्टची माळ किती लांब होईल, ही काळजी बरीच मिटली.

२०१४ मध्ये ६४ बिटच्या पीसीवर स्टॅक ८ वरून १६ केबी करावा लागला. कारण परत तेच. मेमरी संपत आली म्हणून स्वॅप, स्वॅपसाठी खालचा ड्रायव्हर, आणि त्याला परत मेमरी हवी. मग २०१६ च्या शेवटी आलेल्या ४.९ आवृत्तीत खरं शहाणपण आलं. स्टॅकच्या टोकाला एक रिकामं, हात लावायला मनाई असलेलं पान ठेवायचं. स्टॅक वाढून तिथं पोचला की प्रोसेसर तिथल्या तिथं ओरडतो. गुपचूप शेजाऱ्याची मेमरी खराब करून तासाभरानं भलतीकडंच कोसळण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पण ओरडायलाही स्टॅक लागतो ना! स्टॅक संपला म्हणून आलेली तक्रार त्याच संपलेल्या स्टॅकवर कशी लिहिणार? विहिरीत पडलेल्याला वर काढायचा दोर विहिरीतच ठेवला तर काय उपयोग? म्हणून ६४ बिटच्या एक्स-८६ प्रोसेसरमध्ये अशा संकटाच्या वेळेसाठी सातपर्यंत वेगळे स्टॅक नेमून ठेवायची सोय आहे. तुमच्या फोनमधल्या ६४ बिट आर्मसाठीही लिनक्सनं २०१६ मध्ये वेगळा इंटरप्ट स्टॅक आणि पुढच्या वर्षी हे रिकामं पान आणलं.

सातपूर एमआयडीसीचा हिशेब

फोनमध्ये काही जीबी रॅम असते, चूक झाली तरी फोन रीस्टार्ट करता येतो. आता जिथं रीस्टार्टला वेळ नाही अशा ठिकाणी येऊ. आपल्या सातपूरला बॉशचा कारखाना आहे, पूर्वीचा मायको. मायको सर्कल हे नाव अजून लोकांच्या तोंडात आहे. इथं डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. इंजेक्टर नेमका कधी उघडायचा हे गाडीतला छोटा कंट्रोलर ठरवतो, आणि त्याला ते कळतं इंटरप्टमुळे. क्रँकशाफ्टवर साठ दात्यांचं चाक असतं, त्यातले दोन खुणेसाठी गाळलेले. प्रत्येक दाता सेन्सरसमोरून गेला की एक सिग्नल. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे, गुणिले ५८ दाते : सेकंदाला २९०० वेळा "हातातलं ठेव, आधी माझं बघ."

अशा कंट्रोलरमधली रॅम केबीमध्ये मोजतात. कॉलेजच्या प्रोजेक्टला आपण वापरतो त्या निळ्या 'ब्लू पिल' बोर्डावर २० केबी रॅम असते. त्यावर हिशेब करून बघू. समजा दहा टास्क आहेत आणि तीन पातळ्यांचे इंटरप्ट. त्यांचे हँडलर अनुक्रमे २००, १५० आणि १२० बाइट घेतात. शिवाय हा कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर प्रत्येक इंटरप्टला स्वतःहून आठ रजिस्टर, म्हणजे ३२ बाइट चढवतो.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे तिन्ही इंटरप्ट एकात एक. ४७० अधिक ९६, एकूण ५६६ बाइट. हे कुठल्याही टास्कच्या वेळी होऊ शकतं, म्हणून आयजीचा स्टॅक वापरायचा तर दहाही टास्कच्या स्टॅकमध्ये ही जागा राखावी लागेल. झाले ५६६० बाइट. आता कॉर्टेक्स-एममध्ये दोन स्टॅक पॉइंटर असतात, एक टास्कसाठी, एक इंटरप्टसाठी. ते वापरले तर प्रत्येक टास्कला फक्त पहिल्या थांब्याचे ३२ बाइट, म्हणजे ३२०. आणि इंटरप्टच्या सामाईक स्टॅकवर एकदाच ५३४. एकूण ८५४. वाचले ४८०६ बाइट. २० केबीतले जवळजवळ पावणेपाच केबी, फक्त पाकीट वेगळं केल्यामुळे. हिशेब सोपा ठेवलाय, पण दिशा खरी आहे.

आणि बेरीज चुकली तर? सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात २००५ ची टोयोटा कॅम्री आपोआप वेगात गेली, असा दावा होता. अपघातात गाडीतल्या एक बाई गेल्या, चालक गंभीर जखमी झाली. खटल्यात मायकेल बार या एम्बेडेड तज्ज्ञानं गाडीच्या सॉफ्टवेअरबद्दल साक्ष दिली. त्याचं म्हणणं असं : स्टॅक ४१ टक्केच वापरला जातो असा कंपनीचा हिशेब होता, प्रत्यक्षात सगळ्यात वाईट वेळी तो ९४ टक्क्यांपर्यंत जातो, आणि त्यात रिकर्शन धरलेलंच नाही. शिवाय स्टॅकच्या शेजारी ऑपरेटिंग सिस्टिमच्या महत्त्वाच्या नोंदी होत्या. दुसरी बाजूही सांगायला हवी. नासाच्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये तपासणी केली तेव्हा इलेक्ट्रॉनिक बिघाडाचा पुरावा सापडला नव्हता, आणि कंपनीनंही दोष मान्य केला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये ज्युरीनं कंपनीविरुद्ध निकाल दिला, नंतर तडजोड झाली. नेमकं काय घडलं यावर तज्ज्ञ अजून वाद घालतील. पण ४१ की ९४, हा प्रश्न कोर्टात, माणूस गेल्यावर विचारला गेला. तो विचारायची जागा ती नव्हती.

गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी 'मिस्रा सी' नावाची नियमावली आहे, पहिली आवृत्ती १९९८ ची. तिच्यातही रिकर्शनला मनाई आहे. ओळखीचं वाटतंय ना? ऑकॅमनं भाषेतच घातलेलं बंधन इथं नियम म्हणून परत आलं, आणि कारणही तेच : बेरीज आधी करता आली पाहिजे.

मग आपण काय करायचं?

तुमच्यापैकी जे फर्मवेअर लिहितात किंवा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करतायत, त्यांच्यासाठी तीन कामाच्या गोष्टी. एक, जीसीसी कंपायलरला सांगितलं तर तो प्रत्येक फंक्शनच्या स्टॅकचा आकडा वेगळ्या फाइलमध्ये लिहून देतो. 'स्टॅक यूसेज' नावाचा पर्याय शोधा. दोन, सुरुवातीलाच अख्खा स्टॅक एका ठरावीक आकड्यानं भरून ठेवा आणि काही तासांनी किती पुसला गेला ते बघा. फ्रीआरटीओएसमध्ये ही सोय आयतीच आहे. पण डाइक्स्ट्राची धास्ती विसरू नका : यातून आजवर काय झालं ते कळतं, सगळ्यात वाईट वेळी काय होईल ते नाही. म्हणून तीन, कागद घ्या. सगळ्यात खोल टास्क, अधिक प्रत्येक पातळीचा सगळ्यात खोल हँडलर, अधिक प्रत्येक थांब्याचे हार्डवेअरचे बाइट. आणि तो कागद कोडसोबत ठेवा, खाली बेरीज करणाऱ्याचं नाव घालून.

डायसॅकच्या दोन बोटांपासून फोनमधल्या १६ केबीपर्यंत मेमरी अफाट वाढली, तरी स्टॅक संपायचे थांबले नाहीत. ते आटोक्यात आले ते व्हॅक्सनं पाकीट वेगळं केलं तेव्हा, ऑकॅमनं बेरीज कंपायलरच्या गळ्यात घातली तेव्हा, आणि लिनक्सनं शेवटच्या पानावर पहारा बसवला तेव्हा. बायजी उदार असू दे, तिची हरकत नाही. फक्त तिचं खातं वेगळं हवं आणि ते रोज कुणीतरी लिहायला हवं.

आजच्यापुरतं एवढंच. कुठला हिशेब पटला नसेल तर आकडे घेऊन या, पुढच्या भागात त्यावर बोलू. ऐकत राहा, वाचत राहा. नमस्कार!